कुस्ती आणि कोडं एकाच तागडीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत व्हिडिओ गेमची परीक्षणं नियमित येऊ लागली, याचा आनंद आहे. तक्रार आहे ती त्यांच्या साच्याबद्दल. ग्राफिक्स, आवाज, कथा, गेमप्ले असे चार रकाने आणि तळाशी पाचपैकी तारे. समोर मारामारीचा गेम असो, कोडं असो, की शे-दीडशे तास चालणारी साम्राज्याची उभारणी, रकाने तेच. या हिशेबानं 1984 पासून लोकांची झोप उडवणाऱ्या टेट्रिसला कथेच्या रकान्यात भोपळाच मिळायला हवा. सगळे गेम एकाच पडद्यावर दिसतात, एवढ्यावरून ते एकाच जातीचे ठरत नाहीत. प्रत्येक प्रकाराची तपासणी वेगळी असते. ती करायला प्रयोगशाळा लागत नाही, थोडी चिकाटी लागते. कशी करायची, ते तपशिलात लिहितो.

‘कंट्रोल्स छान आहेत’ हे वाक्य परीक्षणांत हमखास असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. उड्या मारत पुढे सरकायच्या गेममध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मरमध्ये, छान म्हणजे काय ते चक्क मोजता येतं. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 स्थिर चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम 16.7 मिलिसेकंद टिकते. खेळणारा कड्याच्या अगदी टोकावरून उडी घ्यायला जातो, तेव्हा बरेचदा त्याला उशीर झालेला असतो. पात्राचा पाय कड्यावरून सुटून दोन-तीन फ्रेम उलटलेल्या असतात. नियमावर बोट ठेवलं तर पात्र सरळ खाली पडायला हवं. ‘सेलेस्ट’ (2018) मध्ये पाय सुटल्यावरही सुमारे एक दशांश सेकंद, म्हणजे सहा फ्रेम, उडी चालवून घेतली जाते. जमिनीला टेकण्याच्या जरासं आधी दाबलेलं बटणही वाया जात नाही. गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताक्षणी उडी देतो. उडताना डोकं एखाद्या ठोकळ्याच्या कोपऱ्याला जेमतेम घासलं, तर पात्राला दोन-चार पिक्सेल बाजूला सरकवून वाट मोकळी करून दिली जाते. यातलं काहीच खेळणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. मेलो तर चूक माझीच होती, एवढं मात्र त्याला पटतं. इतका अवघड गेम लोक चिडून फेकून देत नाहीत, त्याचं एक मोठं कारण या सवलतींत आहे.

हे तपासायचं कसं? पहिल्याच लेव्हलमध्ये एका कड्यावरून पात्राला सावकाश चालवत न्यावं आणि दर वेळी बटण थोडं अधिक उशिरा दाबावं. वीसेक प्रयत्नांत सवलत आहे की नाही आणि साधारण किती आहे, याचा अंदाज येतो. दुसरी तपासणी बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतच्या विलंबाची. मोबाइलच्या कॅमेऱ्यात सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो मोशन असेल, तर कंट्रोलरवरचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत धरून चित्रीकरण करावं. मग बटण खाली गेल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. तिथली एक फ्रेम म्हणजे 4.2 मिलिसेकंद, 24 फ्रेम भरल्या तर विलंब 100 मिलिसेकंद. दहा वेळा मोजून सरासरी काढावी. इथे एक चूक नेहमी होते: टीव्हीचा ‘गेम मोड’ बंद राहतो. मग टीव्ही चित्र सजवण्यात जो वेळ घालवतो, तो गेमच्या माथी मारला जातो. म्हणून त्याच टीव्हीवर दुसरा एखादा ओळखीचा गेम लावून तोही मोजावा आणि फरक तेवढा छापावा.

मारामारीच्या गेममध्ये तर फ्रेम हेच चलन असतं. प्रत्येक फटक्याचे तीन तुकडे असतात: फटका निघेपर्यंतच्या फ्रेम, तो लागू शकतो त्या फ्रेम, आणि हात परत जागेवर येईपर्यंतच्या फ्रेम. समजा, एका लाथेनंतर, ती समोरच्यानं अडवली असता, मारणारा त्याच्यापेक्षा पाच फ्रेम उशिरा मोकळा होतो. समोरच्याकडे चार फ्रेममध्ये निघणारा ठोसा असेल, तर तो हमखास बसणार. तसा ठोसा कोणाकडेच नसेल, तर ती लाथ फुकटची होते आणि मग ऑनलाइन सामन्यांत सगळे तीच मारत सुटतात. डोळ्यांनी पाहून बटण दाबायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. त्यामुळे पाच फ्रेमचा ठोसा बघून कोणीच अडवू शकत नाही, तो अंदाजानंच अडवायचा असतो. गेमची खरी रंगत कुठे बघून आणि कुठे अंदाजानं खेळायचं, या वाटणीत आहे. ‘स्ट्रीट फायटर 6’ (2023) च्या सराव विभागात या फ्रेम पट्टीवर दिसतात. एखाद्या पात्राचे पाच-सहा मुख्य फटके तिथे तासाभरात तपासून होतात. परीक्षणात पात्रांची संख्या छापतात. त्यापेक्षा हा तास कितीतरी उपयोगी.

याच प्रकारात ऑनलाइन खेळ कसा चालतो हा निम्मा गेम असतो. जुन्या पद्धतीत समोरच्याचं बटण पोहोचेपर्यंत तुमचंही बटण रोखून धरलं जातं. जोडणी डगमगली की हात चिखलात अडकल्यासारखा वाटतो. दुसऱ्या, रोलबॅक म्हणतात त्या पद्धतीत गेम थांबत नाही. समोरचा आधी जे करत होता तेच करत राहील असं धरून तो पुढे जातो, आणि अंदाज चुकला तर मागच्या फ्रेमवर परत जाऊन मधला हिशेब नव्यानं करतो. खेळणाऱ्याला क्वचित एखादं पात्र टुणकन जागा बदलताना दिसतं, पण बटणाचा ताल बिघडत नाही. हे तपासायला एक सामना केबलवर, एक वायफायवर, आणि एक 100 मिलिसेकंदांच्या आसपास पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) असलेल्या खेळाडूशी खेळावा. गेम विक्रीला येण्याआधी सर्व्हरवर माणसंच नसतात. तेव्हा लिहिलेल्या ‘ऑनलाइन उत्तम’ या शेऱ्याला अर्थ नाही.

आता नशिबाचा भाग. पाळीपाळीनं खेळायच्या डावपेचांच्या गेममध्ये नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दाखवतात आणि परीक्षणांत ठरलेली कुरकुर येते: ‘90 टक्के दाखवून दोनदा चुकवलं, गेम लबाड आहे.’ शंभर वेळा नेम धरला तर 90 टक्क्यांच्या खऱ्या हिशेबातही दहाच्या आसपास चुकणारच, आणि चार ते सोळा चुका पूर्णपणे स्वाभाविक आहेत. दोन चुकांवरून लबाडी सिद्ध होत नाही. गंमत अशी की लबाडी असते ती बरेचदा खेळणाऱ्याच्या बाजूनं. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत 2002 च्या ‘द बाइंडिंग ब्लेड’पासून अनेक गेमनी नेम लागला की नाही हे ठरवायला चिठ्ठी काढावी तसे एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरली; ती पडद्यावरच्या टक्क्यांहून कमी आली की वार बसतो. त्यामुळे पडद्यावरचे 90 टक्के प्रत्यक्षात सुमारे 98 होतात, 75 चे सुमारे साडेसत्त्याऐंशी होतात आणि 10 चे उतरून जेमतेम 2 उरतात. म्हणजे भरवशाचा वार जवळजवळ नक्की बसतो आणि शत्रूचा फुटकळ वार जवळजवळ कधीच बसत नाही. माणसाला 90 टक्के म्हणजे ‘नक्की’ असंच वाटत असतं. गेमनं त्या समजुतीलाच नियम केलं.

‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ (2012) ची गोष्ट निराळी. तिथे नशिबाचा आकडा सेव्ह फाइलमध्येच, म्हणजे खेळ जिथे थांबवला तिथली स्थिती जपणाऱ्या फाइलमध्येच, साठवलेला असतो. नेम चुकला म्हणून सेव्ह परत उघडून तीच गोळी झाडली तर ती पुन्हा चुकते. चालींचा क्रम बदलला तरच निकाल बदलू शकतो. परीक्षकानं हे पाच मिनिटांत तपासावं: सेव्ह करावं, गोळी झाडावी, परत उघडावं, असं पाच वेळा. सारखाच निकाल आला तर गेम तुम्हाला परिणामांसकट पुढे ढकलतो आहे, आणि हे वाचकाला कळायला हवं. ‘डिस्को एलिझियम’ (2019) मध्ये एखादं काम जमलं की नाही हे ठरवायला दोन फासे पडतात. दोन्हींवर सहा आले तर कितीही अवघड काम फत्ते, दोन्हींवर एक आला तर कितीही सोपं काम फसलं. म्हणून शक्यता कधी 3 टक्क्यांखाली जात नाही आणि 97 च्या वर चढत नाही. त्या गेममध्ये लढाईची वेगळी व्यवस्थाच नाही आणि फसलेल्या फाशातूनही कथेला फाटे फुटतात. त्यामुळे जो परीक्षक फासा चुकला की सेव्ह उघडतो, त्याच्या हाती अर्धाच गेम लागतो.

टेट्रिसमध्येही हाच प्रश्न आहे. आजच्या बहुतेक अधिकृत आवृत्त्यांत सातही आकार एका पिशवीत घालून एकेक काढतात आणि पिशवी रिकामी झाली की नवी भरतात. त्यामुळे उभ्या दांडीसाठी मध्ये जास्तीत जास्त बारा तुकडे वाट पाहावी लागते. 1989 च्या निन्टेंडोवरच्या टेट्रिसमध्ये अशी पिशवी नाही. दांडीचा दुष्काळ कितीही लांबू शकतो. नावं एक, नियम वरकरणी एक, पण पहिला गेम नियोजनाचा आणि दुसरा आपत्ती निवारणाचा. कोड्यांच्या गेमवर लिहिताना हा फरक आधी, रंगसंगती नंतर.

मोठ्या नकाशाच्या, ओपन वर्ल्ड गेमबद्दल ‘जग विशाल आहे’ असं लिहिलं की काम झालं असं समजलं जातं. एक साधी तपासणी सुचवतो. पडद्यावरचा बाण, लहान नकाशा, टिंबं, सगळं सेटिंगमधून बंद करावं आणि पाच कामं फक्त पात्रांच्या बोलण्यावरून पार पाडून पाहावीत. ‘मॉरोविंड’ (2002) मध्ये हे जमतं, कारण ‘पुलापलीकडे डावीकडे वळ, दोन खडकांच्या मधून जा’ अशा भाषेत पत्ता सांगितलेला असतो. काही वेळा तो चुकीचाही असतो, पण तो भाग वेगळा. त्याच मालिकेतल्या 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये होकायंत्रावर खूण आली आणि पात्रांनी पत्ता सांगणं सोडलं. खूण बंद केल्यावर काम अडत असेल, तर ते विशाल जग केवळ देखावा आहे. खेळणारा खरं तर बाणामागे चालतो आहे. शिवाय दहाव्या तासाला आणि चाळिसाव्या तासाला आपण हातांनी नेमकं काय करत होतो, ते दोन वाक्यांत लिहून ठेवावं. दोन्ही वाक्यं सारखीच निघाली, तर नकाशा किती चौरस किलोमीटर आहे हे छापून उपयोग नाही.

शर्यतीच्या गेममध्ये मागच्या गाड्या रबरानं बांधल्यासारख्या ओढल्या जातात का, हे पाहायला दोन फेऱ्या पुरतात. एक फेरी पूर्ण वेगानं, एक मुद्दाम रेंगाळत. दोन्हीत मागच्या गाडीशी अंतर तेवढंच राहिलं तर रबर आहे. ‘मारिओ कार्ट’मध्ये ते असणं हा दोष मानू नये, तिथे मागे पडलेल्यालाच जोरदार वस्तू मिळतात आणि सर्वांत पुढे असलेल्याला गाठून आदळणारं निळं कवच लागतं, हाच तर खेळ. खऱ्या गाडीची नक्कल म्हणून विकलेल्या गेममध्ये मात्र ती फसवणूक ठरते. गोळीबाराच्या गेमबद्दल एवढंच, की कंट्रोलरवर नेम आपोआप थोडा ओढला जातो, माउसवर सहसा नाही. परीक्षकानं कशावर खेळलं ते न सांगता ‘नेम धरायला मजा येते’ म्हणू नये.

भयपटांसारख्या गेममध्ये अडचण अशी, की काही गेम खेळणाऱ्याकडे बघून स्वतःला बदलतात. ‘रेसिडेंट एव्हिल 4’ (2005) वारंवार मरणाऱ्यावर गुपचूप दया करतो आणि सफाईनं खेळणाऱ्यावर हात कडक करतो. दोन परीक्षक दोन वेगळे गेम खेळून येतात आणि एक म्हणतो सोपा, दुसरा म्हणतो अवघड. एकाच ठिकाणी मुद्दाम तीन-चारदा मरून पाहिलं, शत्रूंची संख्या आणि त्यांचा आवेश यांची नोंद ठेवली, तर हे उघड होतं. याउलट ‘हेडिस’ (2020) ही दया उघडपणे देतो: ‘गॉड मोड’ चालू केला की इजा 20 टक्के कमी होते आणि प्रत्येक मरणागणिक आणखी 2 टक्के, असं 80 पर्यंत. परीक्षकानं तो वापरला असेल तर लाजायचं कारण नाही, पण लिहिलं पाहिजे.

साम्राज्य उभारणीच्या गेमवर पहिल्या पाच तासांत लिहिलेलं परीक्षण म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवरून संसाराचं भाकीत. या गेमचे दोष उत्तरार्धात निघतात. मोठ्या नकाशावर दोनशेव्या फेरीला पोहोचून घड्याळ लावावं आणि संगणकाच्या खेळ्या संपायला किती सेकंद लागतात ते टिपावं. दुसरं, अवघड पातळी म्हणजे नेमकं काय बदलतं ते पाहावं. ‘सिव्हिलायझेशन 6’ (2016) मध्ये सर्वांत अवघड पातळीवर संगणक अधिक हुशार होत नाही, त्याला आयतं दिलं जातं: खेळणारा एका वसाहतकाराच्या पथकानिशी सुरुवात करतो, संगणक तीन घेऊन बसलेला असतो. पहिल्या शंभर फेऱ्या माणूस पिछाडी भरून काढतो आणि ती भरली की डाव संपल्यात जमा असतो, उरलेले तास नुसते ढकलायचे. ‘आव्हानात्मक बुद्धिमत्ता’ हा शब्द वापरण्याआधी एवढं तपासलेलं बरं.

फुकट मिळणाऱ्या आणि आत पैसे मागणाऱ्या गेमसाठी तर तारे बाजूला ठेवून गणितच छापावं. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ (2020) चं उदाहरण घ्या. तिथे नवी पात्रं सोडत काढून मिळतात. पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता सोडतीमागे 0.6 टक्के आणि नव्वदाव्या सोडतीला खात्रीनं. पण ते पात्र हवं तेच असेल याची पहिल्या खेपेला खात्री नाही. नको ते निघालं तर दुसऱ्या खेपेला हवं ते मिळतं. म्हणजे सर्वांत वाईट परिस्थितीत 180 सोडती. एका सोडतीला 160 रत्नं (गेममधलं चलन), म्हणजे 28,800 रत्नं. आता परीक्षकानं रोज खेळून दोन आठवड्यांत किती रत्नं जमली ते मोजावं आणि भागाकार करावा. पहिल्या आठवड्यातला आकडा मात्र धरू नये. सुरुवातीला अशा गेमचा हात फार सैल असतो, नंतर तो आवळत जातो.

तारखेचा मुद्दा यातूनच निघतो. ‘सायबरपंक 2077’ 10 डिसेंबर 2020 रोजी आला. आधी परीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती आणि स्वतःचं चित्रीकरण दाखवण्याची मुभा नव्हती. पीसीवरच्या त्या परीक्षणांवर भरवसा ठेवून लोकांनी जुन्या कन्सोलवर गेम घेतला, तिथे तो धड चालेना. आठवडाभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परत आला तो जून 2021 मध्ये. पुढे सप्टेंबर 2023 च्या 2.0 अपडेटनं कौशल्यांची रचना आणि पोलिसांचं वागणं बदलून टाकलं. एकाच नावाचे हे तीन गेम झाले. उलटा प्रकारही घडतो: ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड’ जून 2019 मध्ये आला, परीक्षणं छापून झाली आणि ऑगस्टमध्ये आतल्या नाण्यांची पैशांत विक्री सुरू झाली. जून महिन्यातलं कौतुक तसंच छापील राहिलं.

ताऱ्यांचा मोह सोडवत नसेल तर राहू द्यावेत, पण त्यांच्या सरासरीवर काय काय टांगलं जातं तेही माहीत असावं. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ (2010) घडवणाऱ्या स्टुडिओला मेटाक्रिटिक या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर 85 गुण पडले तर बोनस मिळणार होता; पडले 84. त्या गेममध्ये बग भरपूर होते हे खरं, आणि त्यातली कथेची बांधणी आजही वाखाणली जाते हेही खरं. 84 या आकड्यातून दोन्हींपैकी एकही गोष्ट वाचता येत नाही.

आणखी एक, जे कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणून राहून जातं. उपशीर्षकांची अक्षरं तीन मीटरवरून वाचता येतात का? लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्याला मित्र आणि शत्रू ओळखू येतात का? बटण दाबून धरण्याऐवजी एकदाच दाबून चालतं का? ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ (2020) मध्ये अशा साठहून अधिक सोयी दिल्या होत्या, त्यांत दृष्टिहीनांना गेम पूर्ण करता यावा अशाही. सेटिंगचा पडदा उघडून हे सगळं तपासायला दहा मिनिटं लागतात.

विनंती एवढीच: प्रत्येक परीक्षणाखाली एक लहान चौकट द्यावी. कोणत्या यंत्रावर खेळलं, गेमची आवृत्ती कोणती, किती तास, कोणत्या अडचणीच्या पातळीवर, शेवटपर्यंत पोहोचलात का, प्रत विकत घेतली की कंपनीकडून आली. जागा कमी पडत असेल तर ग्राफिक्सचा रकाना काढावा. शेजारी छायाचित्र असतंच.

आपला,
एक नियमित वाचक